पोरांचा दम कोण आणि कसा मोजणार?

गेल्या मे महिन्यात न्यायालयाला सुट्टी होती. आमच्या वस्तीतली चार पोरे एका इनडोअर फुटबॉल प्रशिक्षण केंद्राच्या निवड चाचणीला निघाली होती. आईबापांना रोजंदारी बुडवणे परवडणारे नव्हते म्हणून आम्हीच सोबत गेलो. तेथे पोरांना हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे पळायला लावले. पस्तीस मीटर, सहा वेळा, मध्ये फक्त दहा सेकंदांची विश्रांती. एक साहेब शिटी वाजवीत होते, दुसरे हातातल्या स्टॉपवॉचवर बघून कागदावर आकडे लिहीत होते. दीड तासात चाळीस मुले उरकली आणि दुपारी दारावर यादी लागली. आमची चारपैकी तीन पोरे अपात्र!

त्या तिघांत एक तेरा वर्षांचा होता. गल्लीत दोन हातगाड्यांच्या मधून चेंडू काढून नेणारा, अंगाने काटकुळा, वर्गातल्या रांगेत सर्वात पुढे उभा राहणारा. त्या दिवशी त्याच्या पायाला चेंडू लागलाच नाही. चेंडू न बघताच त्याचा फुटबॉल संपवण्यात आला. आम्ही आकडे मागितले. उत्तर मिळाले, "वकीलसाहेब, ही शास्त्रीय चाचणी आहे. येथे वशिला चालत नाही."

वशिला आम्हाला नकोच होता. आम्हाला आकडे पाहायचे होते. ते मिळाले नाहीत. मग आम्ही सुट्टीचे उरलेले दिवस ही चाचणी काय आहे हे समजून घेण्यात घालवले. जे समजले ते वाचकांपुढे मांडत आहोत. कारण हा प्रश्न एका पोराचा नाही. 'शास्त्रीय' हा शब्द उच्चारला की आपली माणसे गप्प बसतात, हा प्रश्न त्याचा आहे.

आधी खेळ समजून घेऊ. ज्याला आपण इनडोअर फुटबॉल म्हणतो त्याचे नाव फुटसाल. १९३० साली उरुग्वे देशात माँटेव्हिडिओ शहरी हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने हा खेळ सुरू केला. गोलरक्षक धरून पाच खेळाडू. मैदान साधारण चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद. चेंडू लहान आणि कमी उसळणारा. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, आणि चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबते. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. पेले, रोनाल्डिन्हो, नेमार हे ब्राझीलचे खेळाडू लहानपणी हाच खेळ खेळून मोठे झाले. आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२१ साली फुटसालची राष्ट्रीय क्लब स्पर्धा सुरू केली आणि २०२३ साली भारताचा पुरुष संघ आशियाई पात्रता फेरीत उतरला. म्हणजे या खेळात आता पोरांना वाट दिसू लागली आहे. आणि अरुंद जागेत, भिंतीला धरून, पाच-पाच जणांत खेळणे आमच्या पोरांना कुणी शिकवावे लागत नाही. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल उभे केले आणि २०२२ साली नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'मधून ते जगाने पाहिले. गुण वस्तीत आहे, हे आता सिद्ध करण्याची गरज नाही. प्रश्न आहे तो गुण मोजणाऱ्यांचा.

फुटसालमध्ये खेळाडू सतत एका चालीने पळत नाही. दोन-चार सेकंद जिवाच्या आकांताने धाव, लगेच थांबणे, वळणे, आणि पुन्हा धाव. अशा धावेला लागणारी शक्ती स्नायू प्राणवायूची वाट न पाहता तयार करतात. हिला अ‍ॅनारोबिक क्षमता म्हणतात. पहिले काही सेकंद स्नायूत साठवलेले तयार इंधन जळते. धाव लांबली की साखर प्राणवायूविना फोडली जाते आणि पाय जड होऊ लागतात. दोन धावांच्या मधल्या विश्रांतीत मात्र तयार इंधन पुन्हा भरून काढायला प्राणवायूच लागतो. म्हणून चांगला खेळाडू तो, जो पहिली धाव जोरात मारतो आणि सहावी, सोळावीसुद्धा जवळपास तशीच मारतो.

ही क्षमता मोजण्याच्या अनेक रीती आहेत. सर्वात नावाजलेली विंगेट चाचणी १९७० च्या दशकात इस्रायलमधील विंगेट संस्थेत तयार झाली. एका जागी बसवलेल्या सायकलवर वजनाच्या प्रमाणात भार लावायचा, साधारणपणे दर किलोला ७५ ग्रॅम, आणि तीस सेकंद जीव तोडून पायडल मारायचे. दुसरी रीत १९९० च्या दशकात इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठात निघाली. तिचे नाव रास्ट. पस्तीस मीटरच्या सहा धावा आणि मध्ये दहा सेकंद विश्रांती. आमच्या पोरांना दिलेली चाचणी ती हीच. तिला यंत्र लागत नाही, म्हणून ती गावोगाव पोहोचली. आता या चाचणीची उलटतपासणी करू.

रास्टमध्ये प्रत्येक धावेची शक्ती काढण्याचे गणित असे आहे: मुलाच्या वजनाला अंतराच्या वर्गाने गुणायचे आणि वेळेच्या घनाने भागायचे. वाचकांनी वही-पेन्सिल घेऊन करून पाहावे. एक मुलगा ४० किलोचा, त्याने ३५ मीटर ५.६ सेकंदांत कापले. त्याची शक्ती निघते २७९ वॅट. दुसरा मुलगा ६० किलोचा, त्याला ५.९ सेकंद लागले. त्याची शक्ती निघते ३५८ वॅट. म्हणजे जो मागे राहिला तो यादीत वर आणि जो पुढे गेला तो खाली! आता हेच आकडे ज्याच्या-त्याच्या वजनाने भागा. पहिल्याचे दर किलोला ७ वॅट येतात आणि दुसऱ्याचे ६. यादी उलटली. मुले तीच, धावा त्याच, घड्याळ तेच. यादी कोणत्या आकड्यावर लावायची हे ठरवणारा माणूस तेवढा महत्त्वाचा ठरला. आमच्या काटकुळ्या पोराचे काय झाले असेल हे आम्हाला कागद न पाहताही कळू लागले.

दुसरा मुद्दा घड्याळाचा. हाताने स्टॉपवॉच दाबताना सेकंदाचा दशांश-दोन दशांश फरक सहज पडतो. वाटते, एवढ्याने काय होते? पण गणितात वेळेचा घन आहे. त्याच ४० किलोच्या मुलाची वेळ ५.६ ऐवजी ५.४ लिहिली गेली तर २७९ चे ३११ वॅट होतात, आणि ५.८ लिहिली गेली तर २५१ उरतात. ही साठ वॅटची तफावत पोराच्या पायाने केलेली नाही, साहेबाच्या अंगठ्याने केलेली आहे. चाळीस मुलांच्या यादीत एवढ्या तफावतीत कितीजण वरखाली होतील? न्यायालयात असा पुरावा आला तर कोणताही वकील पहिला प्रश्न विचारील, मोजले कशाने आणि मोजणाऱ्याची चूक किती? दोन सेन्सर लावून वेळ घेता येते. ते नसतील तर दोघांनी स्वतंत्रपणे वेळ घ्यावी आणि दोन्ही आकडे लिहून ठेवावेत.

तिसरा मुद्दा जागेचा. हॉल चाळीस मीटरचा आणि धाव पस्तीसची. म्हणजे भरधाव आलेल्या पोराला थांबायला पाच मीटर. त्या दिवशी दोन मुले भिंतीवर तळहात आपटून थांबली. ज्याला भिंतीची भीती तो शेवटचे दहा मीटर आखडून पळणार आणि तो भित्रेपणा कागदावर 'कमी क्षमता' म्हणून लिहिला जाणार. शिवाय फुटसालमध्ये कुणी पस्तीस मीटर सरळ रेषेत पळत नाही, तेथे वळावे लागते. फुटबॉलसाठी वळणाची चाचणी उपलब्ध आहे. वीस मीटर जायचे, वळून वीस मीटर परत यायचे, अशा सहा फेऱ्या आणि मध्ये वीस सेकंद विश्रांती. ती हॉलच्या मध्यभागी आखली तर दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते. मग पस्तीस मीटरचा हट्ट कशासाठी?

चौथा मुद्दा सर्वात मोठा आहे. वाढत्या वयाच्या मुलांची अ‍ॅनारोबिक क्षमता मोठ्या माणसांपेक्षा कमी असते. अंगाने लहान म्हणून तर असतेच, पण वजनाने भागले तरी ती कमीच भरते. वयात येताना स्नायू भरतात, प्राणवायूविना साखर फोडण्याची ताकद वाढते आणि मग आकडा एकदम उसळी घेतो. मुलांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलींचा बाराव्या वर्षाच्या आसपास. पण ही झाली सरासरी. कुणी दोन वर्षे आधी वाढतो, कुणी दोन वर्षे उशिरा. एकाच इयत्तेतल्या दोन तेरा वर्षांच्या मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेले असते आणि दुसरा अजून बालकच असतो. या दोघांना एका शिटीवर पळवून जो आकडा येतो त्यात खेळाच्या गुणाइतकाच, कदाचित जास्तच, वयात लवकर येण्याचा भाग असतो. गंमत अशी की लहान मुले दोन धावांमध्ये मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात. जो गुण बालकात जास्त आहे तो मोठ्या आकड्याच्या नादात कुणी पाहतच नाही.

त्यात आपल्याकडे वयाचा दाखला हा एक वेगळाच अध्याय आहे. ज्या आईबापांना तारीख सांगता आली नाही त्यांच्या पोरांची जन्मतारीख मास्तरांनी १ जून लिहून टाकली. एकेका वर्गात पाच-सहा १ जूनवाले भेटतात. वकिली करताना अशा तारखांच्या दुरुस्तीची प्रतिज्ञापत्रे आम्ही किती केली याची मोजदाद नाही. त्या तारखेवर चौदा वर्षांखालील गट पाडायचा आणि वर म्हणायचे, सर्वांना समान संधी! उभी उंची, बसलेली उंची, वजन आणि वय एवढ्यावरून मूल वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे याचा अंदाज बांधण्याची रीत २००२ पासून उपलब्ध आहे. तिला टेप, वजनकाटा आणि एक स्टूल पुरतो. तीही वयावर अवलंबून असल्याने तो अंदाजच असतो, त्यात वर्षभराची चूक होऊ शकते, पण डोळे मिटून यादी लावण्यापेक्षा ते बरे.

पाचवा मुद्दा पोटाचा. आमची पोरे पहाटे पाचला चहा-खारी खाऊन एसटीत बसली होती. पहिल्या धावेत ते जाणवत नाही, पाचव्या-सहाव्या धावेत जाणवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयी आढळले. रक्त कमी म्हणजे प्राणवायू कमी, आणि प्राणवायू कमी म्हणजे दोन धावांमधले सावरणे कमी. अशा मुलीचा सहाव्या धावेचा आकडा पडला तर तिला अपात्र ठरवायचे की लोहाच्या गोळ्या आणि पोटभर जेवण द्यायचे? चाचणी दोन्ही वाटा दाखवते. कोणती धरायची हे माणसाने ठरवायचे असते.

येथे आमचे काही तरुण मित्र विचारतील, मग चाचण्या नकोतच का? निवड प्रशिक्षकाच्या नजरेवरच सोडायची का? मुळीच नाही. नजरेने काय केले हे आम्ही विसरलेलो नाही. पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. आकडा डोळ्यांसमोर होता. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते मिळायला त्यांचे बंधू विठ्ठल यांच्यापर्यंत, १९२३ पर्यंत वाट पाहावी लागली. लेखी परीक्षेत पुढे असलेली आपली मुले तोंडी परीक्षेत कशी मागे पडतात हे या दैनिकाच्या वाचकांना सांगायला नको. म्हणूनच आपला माणूस आकड्यावर विश्वास ठेवतो. घड्याळ आडनाव विचारत नाही, ही त्याची मोठी भिस्त आहे. आमचीही आहे. आणि म्हणूनच आमचे म्हणणे आहे की आकडा खरा असला पाहिजे, उघड असला पाहिजे आणि ज्या कामासाठी आहे त्याच कामासाठी वापरला पाहिजे. गुणवत्तेच्या नावाखाली चुकीचा आकडा पुढे केला गेला तर तो नजरेपेक्षाही वाईट. कारण नजरेशी भांडता येते, आकड्यापुढे पोराचा बाप मान खाली घालून निघून जातो.

तेरा वर्षांच्या मुलाच्या दमाचा आकडा त्याला शिकवण्यासाठी वापरावा, हाकलण्यासाठी नव्हे. आज सहावी धाव पहिलीपेक्षा किती मंदावली? दोन महिन्यांच्या सरावानंतर ती किती सुधारली? या मुलाला वेग कमी पडतो की सावरणे? हे प्रश्न विचारले तर हीच चाचणी सोन्यासारखी आहे. तेथेही एक खोच आहे. जो पोरगा पहिल्या धावेत हात राखून पळतो त्याची घसरण कमी दिसते आणि जो जीव तोडून पळतो त्याची जास्त. प्रामाणिक पोराला शिक्षा! म्हणून घसरणीचा आकडा एकटा कधीच वाचू नये, त्याच्या शेजारी सर्वात चांगली वेळ आणि सहा धावांची एकूण वेळ ठेवावी.

आता कायद्याचे. खासगी केंद्राला उठसूट रिट अर्ज करून उच्च न्यायालयात खेचता येईल असे आम्ही सांगणार नाही. ती दिशाभूल होईल. पण जेथे सरकारी क्रीडा संस्था निवड करते तेथे संविधानाचा अनुच्छेद १४ मैदानाच्या फाटकाबाहेर थांबत नाही. मनमानी निवड ही समतेचा भंगच आहे. तेथे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली निवडीचे निकष आणि आपल्या पाल्याचे आकडे मागता येतात. १९८९ च्या बालहक्क संहितेवर भारताने १९९२ साली मान्यतेची मोहोर उमटवली आहे. तिच्या तिसऱ्या कलमात मुलाचे हित आणि एकतिसाव्या कलमात खेळण्याचा हक्क आहे. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती लागते, हे तत्त्व मान्य केले आहे. मुलाचे वजन, उंची, हृदयाची गती ही माहिती त्या मुलाची आहे. ती त्याच्याच बापापासून 'गोपनीय' कशी?

म्हणून प्रत्येक पालकाने आणि कार्यकर्त्याने निवड चाचणीच्या ठिकाणी पुढील गोष्टी मागाव्यात. त्या मागायला वकील लागत नाही.

एक, कोणती चाचणी, कोणता आकडा आणि किती गुण, हे आधी लेखी जाहीर करावे. दोन, चाचणीपूर्वी डॉक्टरांनी मुलाला तपासावे. छातीत दुखणे, चक्कर, घरात तरुणपणी कुणी अचानक दगावणे याची विचारणा व्हावी, कारण जीव तोडून पळवणे हा पोरखेळ नाही. तीन, आदल्या दिवशी एकदा सराव द्यावा. ज्याने ती सायकल किंवा ती शिटी आयुष्यात पाहिली नाही त्याची पहिलीच फेरी मोजू नये. चार, वाढीचा टप्पा नोंदवून त्याप्रमाणे आकडे वाचावेत. पाच, मुलींच्या चाचणीत महिला प्रशिक्षक हजर असावी. सहा, दमाच्या आकड्यावरून एकट्याने कुणालाही अपात्र ठरवू नये. चेंडूसह खेळ पाहिल्याशिवाय यादी लावू नये. सात, प्रत्येक मुलाला त्याचे आकडे मिळावेत आणि हरकत घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा पळण्याची सोय असावी.

यातली एकही गोष्ट खर्चिक नाही. आम्ही स्वतः करून पाहिले आहे. जूनपासून नगरपालिकेच्या मैदानावर टेप लावून, चुन्याच्या दोन रेघा ओढून, दोन जुनी घड्याळे घेऊन आम्ही दर दोन महिन्यांनी वस्तीतल्या पोरापोरींची वीस-वीस मीटरची चाचणी घेतो. आमचा एक माजी खेळाडू मित्र शिटी धरतो, आम्ही वही धरतो. वहीत प्रत्येकाचे स्वतंत्र पान आहे. कुणाचा आकडा कुणाच्या शेजारी लिहायचा नाही, असा नियम पोरांनीच केला. रविवारी पळण्याआधी उसळ-पाव असतो. खर्च वर्गणीतून भागतो.

तो काटकुळा पोरगा रोज येतो. गेल्या खेपेपर्यंत त्याची उंची सात सेंटिमीटरने वाढली होती आणि सहावी धाव पहिल्या चाचणीपेक्षा सुधारली होती. पुढच्या मे महिन्यात त्याच केंद्रात पुन्हा निवड आहे. त्याने यंदा स्वतःच्या पानाची झेरॉक्स सोबत न्यायचे ठरवले आहे. आम्हीही सोबत जाणार आहोत, आणि या वेळी आकडे घेतल्याशिवाय परतणार नाही. ज्या ज्या गावी अशी यादी दारावर लागते, तेथल्या कार्यकर्त्यांनीही रिकाम्या हाताने परतू नये.